वाढत्या मापाची रायफल

आमच्या घरी शाळेचे बूट कधीच मापाचे आले नाहीत. शाळा सुरू व्हायच्या आधी बाबा मला नागपुरात बर्डीच्या बाजारात घेऊन जायचे, दुकानदार पाय मोजायचा आणि बाबा म्हणायचे, "याच्यापेक्षा एक नंबर मोठा दाखवा. वाढतं अंग आहे." मग बुटाच्या टोकात कापसाचा बोळा. दीड वर्ष मी फटक फटक चालायचो, आणि पाय बुटात नीट बसायला लागला की बूट फाटायचा. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. शर्ट तसेच, स्वेटर तसाच, सायकलही तशीच. सातवीपर्यंत माझे पाय पेडलला पुरत नव्हते.

हे सांगायचं कारण असं, की वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, व्हर्जिनियात, हरणाच्या शिकारीसाठी मी रायफल घेतली ती याच पद्धतीने.

शिकारीचं खूळ माझ्या डोक्यात भरवलं ते म्हाताऱ्याने. म्हातारा म्हणजे हर्नडनच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा, डेटाबेस सांभाळणारा, निवृत्तीला आलेला अमेरिकन माणूस. पश्चिमेला डोंगरात त्याच्या आईची शेती होती. आई गेल्यावर तो शनिवार-रविवार तिथेच असायचा. हिवाळ्यात डब्यात हरणाचं मटण आणायचा. मी एकदा चाखलं आणि तोंडावर सांगितलं, की मांस झकास आहे पण तू त्याची माती केली आहेस. दुसऱ्या दिवशी त्याने गोठवलेलं एक पाकीट माझ्या टेबलावर आपटलं. "मग तू करून दाखव."

मी सावजी रस्सा केला. तो जेवला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हातात तिसऱ्यांदा रिकामी वाटी. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. वर्षभराने मी विचारलं, मला शिकवशील का?

त्याने लगेच हो म्हटलं नाही. "तीन अटी," तो म्हणाला. "माझ्या शेतावर एका सीझनला एकच हरीण. मारशील ते खायचं. आणि जखमी करून सापडलं नाही, तर तेही तूच मारलं असं धरायचं. परवान्यावरचा टॅग कापायचा आणि त्या वर्षापुरतं घरी बसायचं. हे तपासायला कोणी येत नाही. म्हणून आधीच सांगतोय."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

शिकारीच्या परवान्याआधी एक छोटा कोर्स करून परीक्षा द्यावी लागते. परीक्षा म्हटल्यावर आपण मागे थोडेच राहणार? पैकीच्या पैकी मिळाले. म्हाताऱ्यावर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. त्याची शिकवण्याची रीत वेगळीच होती. तो आमच्या घरी आला, आणि पार्सलचं एक रिकामं खोकं मागितलं. खोक्याला त्याने मार्करने पुढचे दोन आणि मागचे दोन पाय काढले. मग आत लटकवायला हृदयाच्या जागी काहीतरी गोल हवं म्हणाला. बायकोने देवासमोरचा नारळ सोडून दुसरा एक काढून दिला. तो त्याने सुतळीने आत टांगला, पुढच्या पायांच्या मध्ये, बराच खाली.

"हरणाचं हृदय इतकं खाली असतं. वर आणि मागे फुप्फुसं. हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर यायचं, छातीचा खालचा तिसरा भाग संपला की थांबायचं. तिथे लागलं तर हरीण शंभर पावलांच्या आत पडतं आणि त्याला फार काही कळत नाही. आता हे बघ." त्याने खोकं तिरकं फिरवलं आणि कबाबाची लोखंडी सळई माझ्या हातात दिली. "इथून नारळाला लाव."

मी मघाच्याच ठिकाणी, पायाच्या मागे, सळई खुपसली. ती नारळाच्या बाजूने निघून गेली. पुन्हा खोकं फिरवलं, पुन्हा चुकलो. माझी मुलगी, तेव्हा दहा वर्षांची, जिन्यावर बसून बघत होती. ती खाली आली, सळई घेतली, क्षणभर खोक्याकडे पाहिलं आणि बरगड्यांच्या बऱ्याच मागून आत घातली. टक् करून आवाज आला.

"बाबा, इट्स नॉट अ स्टिकर," ती म्हणाली. "इट्स इनसाइड."

म्हातारा इतका खूश झाला की त्याने तिला टाळी दिली. "ऐक हिचं. कातडीवर नेम धरायचा नाही, आतल्या वस्तूवर धरायचा. हरीण तिरकं, पाठमोरं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाचा विचार करायचा. तोंड तुझ्याकडे असेल तर मारायचंच नाही. थांबायचं. आयुष्यातली निम्मी शिकार थांबण्यातच जाते."

दोन आठवडे ते खोकं आमच्या दिवाणखान्यात होतं. मग नारळ फोडून चटणी केली. तोवर मला कुठूनही ते नारळासारखं गोल हृदय दिसायला लागलं होतं. कुठे मारायचं हे मला पक्कं कळलं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. अडलं ते दुसरीकडेच.

रायफल कोणती घ्यायची, हे मी म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "टू-फॉर्टी-थ्री. छोटं काडतूस, धक्का कमी. हरणाला पुरून उरतं." आता, आमच्या धंद्यातल्या माणसाला टोस्टर घ्यायचा झाला तरी आधी एक्सेल शीट उघडावी लागते. मी सतरा रायफली उभ्या मांडल्या. गोळीचं वजन, वेग, दोनशे यार्डांवर उरणारी ताकद, आणि शेवटी एक कॉलम: किती प्रकारच्या जनावरांना चालेल. त्या कॉलमला मी सगळ्यांत जास्त वजन दिलं. छोट्या काडतुसाला हरणाच्या पुढे फार काही जमत नव्हतं. थ्री-हंड्रेड मॅग्नम या दांडग्या काडतुसाला हरीण, घोड्याएवढे एल्क आणि मूस, अस्वल, सगळं जमत होतं. खांद्याला किती लागेल हा कॉलम मी केलाच नव्हता.

"मूस कुठे मिळतो?" बायकोने विचारलं.

"अलास्कात."

"आपण अलास्काला जाणार आहोत?"

"पुढेमागे. एकदाच घ्यायची तर पुढचं बघून घ्यावी."

"अरे, मागच्या समरला आपल्याला टेंट लावता आला नव्हता. शेवटी मोटेलमध्ये झोपलो," ती म्हणाली. पण तिने फार ताणून धरलं नाही. तीही मुलीचे स्नोबूट एक नंबर मोठेच आणते.

म्हाताऱ्याने माझी नवी मॅग्नम रायफल हातात घेऊन उलटीसुलटी केली. "चांगली आहे," तो म्हणाला. "कोणासाठी?"

"हरणाला पुरेल ना?"

"हरणाला कळत नाही गोळी किती मोठी होती. कुठे लागली तेवढं कळतं."

नेमबाजीच्या रेंजवर पहिला बार काढला तेव्हा कोणीतरी खांद्यात फावडं मारल्यासारखं वाटलं. पाचव्या बारानंतर दात दुखायला लागले. पण माझ्या गोळ्या कागदावर लागत होत्या, कागदाच्या या कोपऱ्यात नाहीतर त्या कोपऱ्यात, म्हणून मी स्वतःवर खूश होतो. घरी आल्यावर खांदा वांग्याच्या रंगाचा झाला होता. बायकोला म्हटलं, जिममध्ये लागलं. ती म्हणाली, "तू जिमला कधीपासून जायला लागलास?"

ऑगस्टपासून दर दोन आठवड्यांनी आम्ही रेंजवर जायचो. ऑक्टोबरात म्हाताऱ्याने एक खोडी काढली. माझी रायफल तो भरून देत होता, आणि मला न सांगता मधूनच त्याने एक खोटं काडतूस घातलं. मी नेम धरला, चाप ओढला. टिक्. बार झालाच नाही. पण नळी मात्र झटक्याने खाली आणि डावीकडे गेली. माझे डोळे गच्च मिटलेले होते. उघडून बघतो तर म्हातारा माझ्याकडे बघत होता.

"तू गोळी मारत नाहीस," तो म्हणाला. "गोळी सुटायच्या आधीच तू पळून जातोस."

मला राग आला. खरं बोलल्याचा येतो तसा. त्याने गाडीतून एक जुनी, आखूड रायफल आणली. टू-फॉर्टी-थ्री. दस्त्याचा रंग हाताने घासून गेला होता. "आईची. मीही बाराव्या वर्षी हिच्यावरच शिकलो. या सीझनला ही घे."

मी तिच्याकडे पाहिलं. म्हातारीची रायफल, बारा वर्षांच्या पोराची रायफल. आणि माझी कपाटात कुलूपबंद पडून राहणार? एवढी चांगली वस्तू? मी म्हटलं, "होईल सवय. अजून महिना आहे."

हे मी म्हटलं तेव्हा मला बाबांचा आवाज ऐकू यायला हवा होता. नाही आला. पुढच्या वेळेपासून मी खांद्याखाली दुमडलेला टॉवेल घ्यायला लागलो. हा टॉवेल म्हणजे तोच कापसाचा बोळा होता, हेही मला फार उशिरा सुचलं.

त्यात मी आणखी एक शहाणपणा केला. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहून टाकलं: थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी आमच्याकडे हरणाचा सावजी रस्सा, सगळ्यांनी यायचं. चौदा जणांनी अंगठे वर केले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, ते हेच.

सीझन नोव्हेंबरच्या मध्यात उघडतो. पहिल्याच शनिवारी म्हाताऱ्याने मला शेताच्या वरच्या कडेला, एका ओकच्या बुंध्याशी बसवलं आणि स्वतः टेकडीच्या पलीकडे गेला. दोघांच्याही अंगात भगवी-केशरी जॅकेटं. थंडी अशी की थर्मासमधला चहा ओतेपर्यंत निवायचा. साडेआठच्या सुमाराला खालच्या झुडपांतून एक नर बाहेर आला. शिंगं बेताचीच. शंभर पावलांवर तो थांबला, पूर्ण आडवा, तोंड उजवीकडे. शिकवायला काढलेल्या चित्रात असतो तसा.

मला नारळ दिसला. अगदी स्पष्ट दिसला. दुर्बिणीतली फुली मी पायाच्या मागच्या कडेने वर आणली, थांबवली. सगळं बरोबर होतं. मग चाप ओढता ओढता माझा खांदा धक्क्याच्या आठवणीनेच आक्रसला, डोळे मिटले, आणि बार झाला.

डोळे उघडले तेव्हा हरीण उडी मारून पळालं नव्हतं. ते पाठीला बाक काढून उभं होतं, पोटात कळ आल्यावर माणूस वाकतो तसं. मग शेपूट खाली घालून हळूहळू चालत झाडीत गेलं. पुन्हा काडतूस चढवायचंही मला सुचलं नाही.

म्हातारा आला. कुठे उभं होतं ते विचारलं, तिथे गुडघ्यावर बसला, पानं उलटीपालटी केली. थोडे पांढरे आखूड केस, रक्ताचे चार थेंब, आणि हिरवट काहीतरी. ते त्याने बोटावर घेऊन हुंगलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. वास आतड्यांचा होता.

"पोट," तो म्हणाला.

मी झाडीच्या दिशेने निघालो तर त्याने जॅकेट धरून मागे ओढलं. "आत्ता गेलास तर ते उठून मैलभर पळेल आणि कधीच सापडणार नाही. पोटात लागलेलं हरीण जवळच बसतं. त्याला बसू द्यायचं. पाच तास."

"पाच तास? ते तिकडे—"

"हो. ते तिकडे. आणि तू इकडे."

ते पाच तास आम्ही त्याच्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसून काढले. माझ्या आयुष्यात मी बरीच वाट पाहिली आहे. ग्रीन कार्डाची पाहिली, बायकोच्या बाळंतपणात पाहिली. पण अशी लाज कधी वाटली नव्हती. दोनशे-तीनशे पावलांवर एक जनावर माझ्या चुकीने पोट आवळून बसलं होतं, आणि मी सँडविच हातात धरून बसलो होतो. शेवटी मी म्हटलं, "मी डोळे मिटले."

"मला माहीत आहे," म्हातारा म्हणाला. "मीही ऑक्टोबरात रायफल तुझ्याकडून काढून घ्यायला हवी होती. तू मोठा माणूस आहेस म्हणून गप्प बसलो."

दीड वाजता आम्ही निघालो. जिथे रक्त दिसेल तिथे टॉयलेट पेपरचा तुकडा टाकायचा, म्हणजे मागे वळून दिशा कळते. रक्त फारच थोडं होतं. कुठे पानावर मोहरीएवढा ठिपका, पुढे वीस पावलं काहीच नाही. आम्ही अक्षरशः रांगत होतो. ओढ्याच्या अलीकडे एका पडलेल्या झाडामागे त्याची बसायची जागा सापडली. गवत दबलेलं, मधे ताटाएवढा रक्ताचा डाग. जागा रिकामी होती. ओढ्याच्या पलीकडे शेजाऱ्याची जमीन. म्हाताऱ्याने फोन करून परवानगी घेतली आणि आम्ही पाण्यातून पलीकडे गेलो. तीन वाजता झिमझिम सुरू झाली. अर्ध्या तासात पानं सगळी सारखीच ओली आणि सारखीच तांबडी दिसायला लागली.

अंधार पडेपर्यंत शोधलं. रविवारी सकाळी पुन्हा शोधलं, गिधाडं कुठे घिरट्या घालतात का तेही पाहिलं. काही सापडलं नाही.

परत गाडीशी आलो तेव्हा म्हाताऱ्याने खिशातला चाकू काढून फळीवर ठेवला आणि पाठ करून बूट सोडायला लागला. मी परवान्याचा कागद काढला. त्यावर हरणांचे छोटे टॅग छापलेले असतात. मारलं की एक कापायचा. त्याक्षणी माझ्या मनात आलं, की ते कदाचित जगलंही असेल. कोणी पाहिलंय? अजून पूर्ण सीझन बाकी होता, चौदा माणसं जेवायला येणार होती, आणि या वेळी मी डोळे उघडे ठेवले असते. पण पोटात गोळी लागलेलं जनावर जगत नाही हे मला पाच तास शेजारी बसून समजावलेलं होतं. मी टॅग कापला. म्हाताऱ्याने वळून पाहिलं नाही, पण चाकू मिटल्याचा आवाज त्याने ऐकला.

निघताना तो एवढंच म्हणाला, "आईची रायफल माझ्या कपाटात असेल. पुढच्या वर्षी यायचं तर तिच्यावर यायचं. दुसरी आणायची नाही." मी हो म्हटलं. या वेळी मान डोलवायला जड गेलं.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार जवळ आला. जेवण कॅन्सल कर, असं मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, "लोकांनी प्लॅन केलंय यार. बोकडाचं आणू. सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव." मी बोकडाचं मटण आणलं, सावजी मसाला भाजला, रस्सा केला. चौदाच्या चौदा जण आले. आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ एक काका आहेत, निवृत्त डॉक्टर, माझ्या जन्माआधी अमेरिकेत आलेले. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! हरणाचं मटण लपत नाही हो. चवीतच जंगल आहे."

सगळे वाहवा करायला लागले. कोणी फोटो काढत होतं. गप्प राहिलो असतो तर जन्मभर कोणाला कळलं नसतं, आणि काका तर दर वर्षी ती चव सांगत बसले असते.

"काका," मी म्हटलं, "हे बोकडाचं आहे. दुकानातलं. मी हरणाला गोळी मारली, पण ते सापडलं नाही."

काकांनी हातातलं नळीचं हाड ताटात ठेवलं. कोणीतरी म्हणालं, "अरे, होतं असं, चालायचंच." कोणीतरी म्हणालं, "म्हणजे वाचलं बिचारं." मी म्हटलं, "नाही, वाचलं नसेल." मग भाताचं पातेलं फिरायला लागलं आणि विषय ऑफिसच्या लेऑफवर गेला.

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिला हे मी अजून सांगितलेलं नव्हतं.

"बाबा, व्हेअर डिड यू हिट इट?"

मी ताट डाव्या हातात घेतलं आणि तिच्या कुशीवर, बरगड्या संपतात त्याच्याही मागे, बोट टेकवलं. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग स्वतःचं बोट पुढे आणून काखेखाली ठेवलं, आणि दोन्ही बोटांमधलं अंतर बघत राहिली.

"दॅट्स नॉट व्हेअर द कोकोनट वॉज," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "तिथे नव्हता."